बुधवारचा भोंगा

महिन्याच्या पहिल्या बुधवारी, दहाच्या ठोक्याला
पलीकडच्या कारखान्याचा भोंगा वाजतो.
एक मिनिट. चाचणी.
आमच्या माहुलमध्ये त्याला कुणी भीत नाही.
भोंगा झाला की वैतीकाकू लाइटबिल भरायला निघतात,
अडतीस नंबर बिल्डिंगचे कुट्टी
मेंटेनन्सचं पावतीपुस्तक काढून जिन्यात बसतात.
पत्र्यावरची कबुतरंसुद्धा उठत नाहीत.

शाळेत मी शिपाई. सव्वीस वर्षं.
वर्षातून दोनदा ड्रिल असतं,
तेव्हा मैदानात फक्कीने चौकोन आखते मी,
पहिली अ, पहिली ब,
पोरं खांद्यावर हात ठेवून ढकलत, हसत येतात
आणि भोपीसर वहीत लिहितात:
चार मिनिटं. समाधानकारक.
बाकीचे बुधवार,
मुकादमबाई खडू हवेत धरून मिनिटभर थांबतात
आणि राहिलेली बेरीज पुढे चालू करतात.

त्या दिवशी गुरुवार होता.
अकरा चाळीस. खिचडीचे डबे नुकतेच उतरलेले.
भोंगा सुरू झाला.
भोपीसरांनी आधी कॅलेंडर पाहिलं.
कुणी म्हणालं, काल विसरले असतील.
सोसायटीच्या ग्रुपवर कुट्टींनी विचारलं,
आज रिहर्सल आहे का?
त्यावर एकोणीस अंगठे.
एक मिनिट झालं. दीड झालं.
मी डाव धुवत होते.

पहिली ब मधून एक पोरगी सुटली.
इरावती. सोमवारीच आलेली, चंदगडकडची,
दप्तराला अजून दुकानाची चिठ्ठी तशीच.
भोंगा वाजला तरी बसून राहायचं असतं
हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
एक चप्पल पायरीवर, एक पायात,
ती थेट मैदानात
जूनच्या ड्रिलच्या पुसट फक्कीवर जाऊन उभी.

तिला ओरडतच मी मागे गेले.
फाटकापाशी पोचले
आणि ओरडणं घशातच राहिलं.
खिचडीचा नव्हता तो वास.
कुजक्या अंड्यांचा, आणि डोळ्यांत झोंबणारा.

मग मी टोल बडवला.
सुट्टीचा नाही, तासाचा नाही,
हात सुटेल तसा.
वाऱ्याला आडवं जायचं, प्रशिक्षणातलं एवढंच आठवत होतं.
रुमाल वर धरला, बोळ धरला,
पुढे मी, कडेवर इरावती,
मागे तीनशे अकरा पोरं ओले रुमाल नाकाला लावून,
आणि सगळ्यांत शेवटी मुकादमबाई,
हातात अजून खडू.
वाटेत दिसेल त्या दारावर थाप मारत गेलो.
वैतीकाकू विचारत होत्या, बिलाची तारीख का गं आज?
त्यांना हाताला धरून ओढलं.

कुणाला काही झालं नाही.
कसलासा व्हॉल्व्ह होता, म्हणे, वीस मिनिटांत बंद केला.
बारा पंचवीसला सगळ्यांचे मोबाइल एकदम किंचाळले,
इंग्रजीत.
वैतीकाकूंनी घाबरून आपला पदरात गुंडाळला.

पुढच्या आठवड्यात वॉर्डातून साहेब आले, फॉर्म घेऊन.
सूचना मिळाल्याची वेळ: अकरा चाळीस.
सूचना देणाऱ्याचं नाव:
मी लिहिलं, इरावती गावडे, पहिली ब.
साहेब हसले. चांगले होते तसे.
नाव खोडून त्यांनी लिहिलं, भोंगा.

मग पुढच्या महिन्याचा पहिला बुधवार आला.
दहाला भोंगा झाला.
मी हातातलं काम टाकून पहिली ब च्या दारात गेले.
मुकादमबाई खडू धरून थांबलेल्या.
इरावती मान खाली घालून
सातचा आकडा गिरवत होती.
पेन्सिलही थबकली नाही.
शेजारचा पोरगा तिला काहीतरी सांगत होता,
बुधवार आहे, असंच काही असेल.

मी आत गेले.
तिच्या बाकावर बोटाने दोनदा वाजवलं.
तिने वर पाहिलं,
मग खिडकीकडे,
मग माझ्या पायांकडे,
मी पळतेय का ते.